शाळेचं तंत्रज्ञान धोरण भरकटतं ते नेमकं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या शाळेने चार वर्षांपूर्वी मुलांना टॅबलेट द्यायचं ठरवलं. मुलांनी स्वतः माहिती शोधावी, ती पडताळावी आणि त्यातून स्वतःचं काहीतरी तयार करावं, असा हेतू धोरणाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिला होता. आज त्याच टॅबलेटवर मुलं चाचण्या सोडवतात आणि गृहपाठ जमा करतात, बाकी फारसं काही होत नाही. निम्म्या साइट बंद आहेत आणि धोरणाचा कागद म्हणजे ‘काय करू नये’ याची यादी झाली आहे. धोरण ठरवणाऱ्यांपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मग हे झालं कसं, आणि आता धोरण नव्याने लिहावं का?

शाळांमधली उपकरणं, नेटवर्क आणि त्यांचे नियम हेच बरीच वर्षं माझं काम आहे, आणि ही तक्रार मी वेगवेगळ्या शब्दांत सतत ऐकतो. लोक कारण शोधायला जातात ते बैठकांच्या इतिवृत्तांत. कुणी ठराव बदलला, कोणत्या मुख्याध्यापकांनी विरोध केला, हे ते बघतात आणि तिथे त्यांना काही सापडत नाही. कारण धोरण बैठकीत बदललेलंच नसतं. ते बदलतं फिल्टरच्या, म्हणजे ठरावीक साइट अडवणाऱ्या यंत्रणेच्या सेटिंग्जमध्ये, खात्यांना दिलेल्या परवानग्यांमध्ये आणि कुणीही न बदललेल्या डीफॉल्टमध्ये, म्हणजे उत्पादनासोबत आधीपासून ठरून आलेल्या सेटिंग्जमध्ये. हे बदल एकेक करून होतात, घाईच्या दिवशी होतात आणि त्यांना कुणी धोरण म्हणत नाही. म्हणून ते कुणासमोर मंजुरीला येत नाहीत आणि परतही घेतले जात नाहीत.

एखाद्या शाळेच्या फिल्टरची यादी उघडून बघा. बंद केलेल्या पत्त्यांची लांबलचक रांग दिसेल. प्रत्येकासमोर तारीख असेल, कधीकधी नोंद करणाऱ्याचं नाव असेल, आणि ‘कारण’ हा रकाना बहुतेक ओळींत रिकामा असेल. मी पाहिलेल्या एका शाळेत व्हिडिओची एक मोठी साइट अशीच बंद होती. शोधत गेल्यावर कळलं की ऑनलाइन परीक्षेच्या आठवड्यात इंटरनेट कासवगतीने चालत होतं, मुलांची उत्तरं जमा होत नव्हती, म्हणून त्या आठवड्यापुरती ती साइट बंद केली होती. निर्णय त्या दिवसासाठी बरोबर होता. पुढे शाळेने जास्त वेगाचं कनेक्शन घेतलं. ज्या शिक्षकांनी साइट बंद करायला सांगितलं होतं ते दुसरीकडे गेले. बंदी मात्र तशीच राहिली, कारण ती उठवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आता जीवशास्त्राच्या बाईंना हृदयाची झडप कशी उघडझाप करते ते वर्गात दाखवायचं आहे. साइट उघडत नाही. त्यांनी व्हिडिओ घरून पेन ड्राइव्हवर आणला. काही महिन्यांनी कुठल्याशा पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या संगणकांचे यूएसबी पोर्ट बंद झाले. मग त्यांनी मोबाइलचं हॉटस्पॉट वापरलं. शाळेच्या नेटवर्कबाहेर जाऊन इंटरनेट वापरू नये, अशी सूचना निघाली. त्यानंतर त्यांनी फळ्यावर आकृती काढली आणि पुढच्या वर्षीपासून विचारणंच सोडून दिलं. या तिन्ही निर्णयांत चुकीचा म्हणावा असा एकही नाही. पण नव्याने रुजू झालेले शिक्षक जेव्हा विचारतात, ‘इथे वर्गात व्हिडिओ दाखवतात का?’ तेव्हा त्यांना उत्तर मिळतं, ‘आपल्याकडे चालत नाही.’ त्या क्षणापासून ते त्या शाळेचं धोरण होतं. लिहिलेल्या धोरणात मात्र अजूनही ‘मुलांनी स्वतः शोध घ्यावा’ असंच असतं.

बदल नेहमी बंद करण्याच्याच दिशेने का होतात, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं मर्म तिथे आहे. एखादी गोष्ट चालू ठेवली आणि काही विपरीत घडलं, तर चालू ठेवणाऱ्याला जाब विचारला जातो. बंद ठेवली आणि त्यामुळे चाळीस मुलं काहीतरी शिकायची राहिली, तर कुणालाच जाब विचारला जात नाही, कारण न झालेला धडा कुणाला दिसत नाही. फिल्टर सांभाळणारा माणूस बहुधा शाळेतला सर्वांत कमी अधिकार असलेला कर्मचारी असतो. पालकाची तक्रार आली की मुख्याध्यापक त्याला बोलावतात. त्याच्या हातात बटण एकच असतं, आणि ते दाबलं की तक्रार मिटते. त्याला दोष देऊन काहीही साध्य होत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

कायदासुद्धा या ओढीतून सुटत नाही. अमेरिकेत २००० साली मुलांच्या इंटरनेट सुरक्षेचा कायदा झाला, तो ‘सिपा’ या नावाने ओळखला जातो. इंटरनेटच्या खर्चासाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना आणि ग्रंथालयांना त्याने फिल्टर बसवणं सक्तीचं केलं. कायद्याची अपेक्षा मर्यादित होती: अश्लील चित्रं, बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं आणि अल्पवयीनांना घातक ठरणारी चित्रं रोखायची. प्रौढांना खऱ्या संशोधनासाठी किंवा इतर कायदेशीर कामासाठी फिल्टर बंद करून देता येईल, अशी सोयही त्यात होती. शाळांनी मात्र त्याच कायद्याचा हवाला देत चर्चेची व्यासपीठं, समाजमाध्यमं असं कितीतरी सरसकट बंद केलं. शेवटी २०११ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाला स्पष्ट करावं लागलं की फेसबुकसारखी साइट केवळ समाजमाध्यम आहे म्हणून अल्पवयीनांना घातक ठरत नाही. कायद्याने मागितलं त्याहून कितीतरी जास्त शाळांनी आपणहून बंद केलं होतं, आणि विचारलं की उत्तर तयार होतं: कायदाच तसा आहे.

याच कायद्याचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००८ साली त्यात एक अट जोडली गेली: मुलांना ऑनलाइन कसं वागावं, छळ झाला तर तो कसा ओळखावा आणि त्याला कसं तोंड द्यावं, हेही शाळांनी शिकवायचं. म्हणजे आता दोन अटी झाल्या, एक गाळण्याची आणि एक शिकवण्याची. पहिली विकत घेता येते आणि तिचा पुरावा म्हणून बिल दाखवता येतं. दुसरीसाठी वेळापत्रकात तास काढावा लागतो, शिक्षक तयार करावा लागतो आणि मुलांचे अवघड प्रश्न ऐकून घ्यावे लागतात. दोन अटी शेजारीशेजारी ठेवल्या तर पहिलीवर किती खर्च होतो आणि दुसरीवर किती, हे कुठल्याही शाळेत बसून बघता येईल. मूळ चिंता मुलांची होती. तिचं रूपांतर झालं ते उपकरणाच्या चिंतेत.

एकाच घटनेने मूळ हेतूच कापून टाकल्याचं उदाहरण म्हणजे लॉस एंजलिस. २०१३ साली तिथल्या सार्वजनिक शाळांनी प्रत्येक मुलाच्या हातात आयपॅड द्यायला सुरुवात केली. गरीब घरातल्या मुलालाही सधन घरातल्या मुलासारखं साधन मिळावं, हा त्यामागचा जाहीर केलेला विचार होता. वाटप सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच काही शाळांमधल्या मुलांच्या लक्षात आलं की सेटिंग्जमधलं एक प्रोफाइल काढून टाकलं की शाळेबाहेर फिल्टर लागूच होत नाही. शेकडो मुलांनी ते केलं. प्रशासनाने आयपॅड घरी नेणं थांबवलं. आता मूळ हेतू आठवा. घरी साधन नसलेल्या मुलाला घरी साधन मिळणं हाच तर त्यातला जीव होता, आणि पहिली अडचण येताच नेमकी तीच गोष्ट बंद झाली. मुलांनी जे केलं त्यात तांत्रिक कुतूहलच जास्त होतं. पण त्यावर मुलांशी बोलायला वेळ लागतो आणि उपकरणं परत मागवायला एक आदेश पुरतो. पुढच्या वर्षी खरेदी प्रक्रियेवर प्रश्न उभे राहिले आणि ते कंत्राटही थांबलं.

दुसरा रस्ता याच्या उलट दिशेने जातो. इथे काही बंद होत नाही, उलट आधीच चालू असलेल्या गोष्टीचा वापर पसरत जातो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लोअर मेरियन या शाळा जिल्ह्याने (तिथल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) मुलांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये चोरी किंवा हरवण्याच्या भीतीने माग काढणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते सुरू केलं की लॅपटॉपचा कॅमेरा ठरावीक वेळाने फोटो काढायचा आणि स्क्रीनची प्रतिमा टिपायचा. हेतू स्वच्छ होता. पण लॅपटॉप सापडल्यावरही अनेकदा माग काढणं बंद केलं गेलं नाही. २०१० साली एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाने दावा लावला तेव्हा उघड झालं की ५० हजारांहून जास्त प्रतिमा जमा झाल्या होत्या, आणि त्यात मुलांच्या घरांत टिपलेले फोटोही होते. त्याच वर्षी ६ लाख १० हजार डॉलर्सवर तडजोड झाली. यात कुणी मुलांवर पाळत ठेवायचा ठराव केला होता असं नाही. चालू कधी करायचं हे ठरलेलं होतं. बंद कधी करायचं, कुणी करायचं आणि ते झालं का हे कुणी तपासायचं, हे पक्कं नव्हतं. मी ज्या ज्या शाळेत देखरेखीचं सॉफ्टवेअर पाहिलं आहे तिथे मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर येण्याआधी जी शांतता पसरते तीवरूनच अंदाज येतो.

डीफॉल्टचंही तसंच. डेन्मार्कमधल्या हेल्सिंगॉर नगरपालिकेच्या शाळांमध्ये एका पालकाच्या लक्षात आलं की शाळेने दिलेल्या खात्यातून त्यांच्या मुलाचं यूट्यूब खातंही तयार झालं आहे, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. ती तक्रार पुढे बरीच लांब गेली. २०२२ च्या जुलैमध्ये देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने त्या नगरपालिकेला शाळांत क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) आणि गूगल वर्कस्पेस (गूगलची ईमेल, दस्तऐवज वगैरे साधनं) वापरायला मनाई केली. काही आठवड्यांनी ती मनाई स्थगित झाली, पण प्रश्न राहिला. लहान मुलाचं व्हिडिओ खातं असावं असा निर्णय शाळेतल्या कुणी घेतला होता का? तसा निर्णय झाल्याचं कुठेच दिसत नाही. जे आपण ठरवत नाही ते उत्पादन बनवणारा ठरवतो, आणि त्याची गरज शाळेच्या हेतूशी जुळेलच असं नाही.

आता मोजमापाबद्दल. अमेरिकेत १९९४ साली सार्वजनिक शाळांतल्या ३ टक्के वर्गखोल्यांमध्ये इंटरनेट होतं, २००५ साली ते ९४ टक्के वर्गखोल्यांमध्ये पोहोचलं. हे मोठंच काम आहे आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण तो आकडा वर्गखोलीपर्यंत आलेल्या तारेचा आहे, त्या खोलीत काय शिकलं गेलं याचा नाही. पेरूने प्रत्येक मुलाला छोटा लॅपटॉप द्यायचा कार्यक्रम राबवला. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी २०१२ साली निष्कर्ष मांडले. दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ झालं होतं. गणित आणि भाषेच्या गुणांवर मात्र परिणाम आढळला नाही. वाटप पूर्ण झालं, हे मोजता आलं. शिक्षकांनी त्या यंत्राचं करायचं काय, हा भाग अपुरा राहिला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडलं होतं की एखादा आकडा निर्णयांसाठी जितका जास्त वापराल, तितका तो बिघडत जातो आणि ज्या कामावर लक्ष ठेवायचं त्या कामालाही बिघडवतो. शाळेत हे अगदी रोजच्या पातळीवर दिसतं. आढावा बैठकीत ‘किती टक्के मुलांनी या आठवड्यात लॉग-इन केलं’ असं विचारायला लागलं की शिक्षक तासाच्या सुरुवातीला सगळ्यांना लॉग-इन करायला लावतात. मग ज्या कामाची नोंद आपोआप होते ते काम वाढतं: बहुपर्यायी चाचण्या, जमा केलेल्या फायली, पाहिलेली पानं. एखाद्या मुलीने तीन साइटवरची परस्परविरोधी माहिती ताडून पाहिली आणि कुठली खरी ते ठरवलं, तर वापराचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर त्याचं काहीच उमटत नाही. तुमच्या शाळेत टॅबलेट चाचण्यांपुरते उरले, त्यामागे बंद साइट आहेतच, पण हे मोजमापही आहे. माझ्या मते तुमच्या बाबतीत मोजमापाचा वाटा जास्त मोठा असावा, कारण बंद साइट निदान खटकतात. मोजमाप खटकत नाही, उलट प्रगती झाल्यासारखं वाटतं.

माणसं बदलणं आणि पैसा संपणं ही कारणं सगळ्यांना माहीत असतात, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की हेतू बहुधा दोन-तीन जणांच्या डोक्यात असतो आणि कागदावर उतरतात ते नियम. ती माणसं गेली की मागे उरतो नियम. तो का केला हे सांगणारं कुणी नसतं, आणि कारण माहीत नसलेला नियम हलवायची हिंमत नवा माणूस करत नाही. पैशाचं म्हणाल तर उपकरणं एकरकमी निधीतून येतात. बॅटऱ्या, दुरुस्ती आणि शिक्षकांचा सराव यांना दरवर्षी पैसा लागतो आणि तो निधी वेगळा असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वर्गातली काही उपकरणं बंद पडलेली असतात, म्हणून शिक्षक सगळ्यांना जमेल असंच काम देतात.

एक गोष्ट जाता जाता. बऱ्याच शाळांत आता फोनबंदी आहे. फ्रान्सने तर २०१८ मध्ये त्यासाठी कायदाच केला. लक्ष विचलित होऊ नये हा हेतू मला पटतो. पण त्याच शाळेत गृहपाठ मेसेजिंग ग्रुपवर येतो, शाळेच्या खात्यात शिरायचा कोड फोनवर येतो आणि शिक्षक वर्गात क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतात. एका धोरणाने दार लावायचं आणि दुसऱ्याने तेच उघडायला लावायचं. मग अपवाद सुरू होतात, प्रत्येक शिक्षकाचा अपवाद वेगळा, आणि सहा महिन्यांत नियम कुणाला लागू आहे हे मुलांनाच सांगता येत नाही.

मात्र झालेला प्रत्येक बदल म्हणजे भरकटणं, असं मी म्हणणार नाही. उरुग्वेने २००७ मध्ये प्लॅन सेइबाल सुरू केला तो सार्वजनिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप आणि इंटरनेट देण्यासाठी. भर समान संधीवर होता. पुढे त्यांच्या लक्षात आलं की प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणारे शिक्षक पुरेसे नाहीत. त्यांनी आधीच उभारलेल्या नेटवर्कवर २०१२ पासून दूरचे शिक्षक व्हिडिओ कॉन्फरन्सने वर्गात आणले, आणि वर्गातले शिक्षक त्यांच्यासोबत काम करू लागले. सुरुवातीच्या आराखड्यात हे नव्हतं. पण हा बदल कुणीतरी जाणीवपूर्वक केला, उघडपणे सांगितला, आणि तो मूळ हेतूच्याच रेषेत होता. मी दोन्हींत फरक करतो तो एवढ्यावरून: हा बदल कुणी केला आणि का, हे आज कुणाला विचारलं तर उत्तर मिळतं का?

तर आता धोरण नव्याने लिहावं का? माझं मत: आत्ता नको. नवा कागद लिहिलात तर तोही त्याच सेटिंग्जवर बसेल आणि वर्षभरात तुम्ही इथेच याल. आधी सध्या खरोखर चालू असलेलं धोरण कागदावर आणा. फिल्टरची यादी, खात्यांच्या परवानग्या, चालू असलेलं देखरेखीचं सॉफ्टवेअर आणि त्याने जमवलेला डेटा किती दिवस राहतो, हे सगळं छापून घ्या. मग वेगवेगळ्या विषयांच्या तीन-चार शिक्षकांना, तंत्रज्ञाला आणि वरच्या वर्गातल्या दोन मुलांना एका टेबलाशी बसवा. मुलं हवीतच, कारण काय चालतं आणि काय कसं चुकवलं जातं हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा. कायद्याने बंद आहे, मुलांच्या सुरक्षेसाठी बंद आहे, की एका दिवसाच्या अडचणीसाठी केलं होतं? कायदा असेल तर कुठलं कलम, तेही लिहा. बऱ्याचदा ‘कायद्यामुळे’ म्हणून बंद असलेल्या गोष्टीला कलमच सापडत नाही.

यापुढे घातलेल्या प्रत्येक बंदीला शेवटची तारीख हवी. सत्राच्या अखेरीस ती आपोआप संपेल. कुणाला हवी असेल तर त्याने कारण देऊन वाढवून घ्यावी. सगळ्यांत जास्त फरक याने पडतो, कारण आज मेहनत बंदी उठवणाऱ्याला करावी लागते, ती यापुढे बंदी टिकवणाऱ्याकडे जाते. अर्थात जे कायद्याने किंवा मुलांच्या थेट सुरक्षेसाठी बंद आहे त्याला ही तारीख लावू नका. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला मात्र तारीख लावाच, आणि माग काढणं सुरू करणारा व बंद झाल्याची खात्री करणारा, या दोन वेगळ्या व्यक्ती ठेवा.

साइट उघडून देण्याचा अधिकार शिक्षकाला द्या, निदान स्वतःच्या वर्गापुरता आणि त्या तासापुरता. बऱ्याचशा फिल्टरमध्ये ही सोय असते, फक्त वापरलेली नसते. आणि मुख्याध्यापकांनी एक गोष्ट लेखी द्यावी: चांगल्या शैक्षणिक कारणासाठी शिक्षकाने किंवा तंत्रज्ञाने काही उघडून दिलं आणि त्यातून अडचण आली, तर जबाबदारी शाळेची. हा कागद नसेल तर वरचं काहीही टिकत नाही. तंत्रज्ञ पुन्हा बटणाकडे वळेल, आणि त्याचं चूक नाही.

मोजमापासाठी डॅशबोर्ड ठेवा, पण आढावा बैठकीत तो पहिला उघडू नका. आधी कुठल्याही तीन मुलांचं त्या महिन्यातलं काम टेबलावर ठेवा आणि धोरणातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचा. मुलाने यात काही शोधलं का? पडताळलं का? स्वतःचं काही केलं का? तीन मुलांवरून आकडेवारी होत नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या बैठकीत आजवर फक्त लॉग-इनची टक्केवारी बघितली जात होती तिथे पहिल्यांदाच मुलाचं काम बोललं जाईल, आणि कुठल्या सेटिंगमुळे ते अडलं हेही शिक्षक तिथेच सांगतील.

हे एक-दोन सत्रं करून बघा. यादीतल्या किती ओळी गळून पडतात ते पाहा, आणि जे उरेल त्यावरून धोरणाचा नवा मसुदा लिहायला घ्या. प्रत्येक नियमाखाली तो कशासाठी आहे हे एका वाक्यात लिहा, आणि पहिलं वाक्य आहे तसंच राहू द्या. ते चुकलेलं नव्हतं.